सेमिनार रूमची कडी

"कडी लावा," ठोसर सर म्हणाले आणि मागच्या बाकावरच्या कुणीतरी उठून दाराला आतून कडी घातली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून एक मिनिट झालं होतं.

आमच्या स्त्रीरोग विभागाची ही जुनी रीत. दर गुरुवारी अकराला सेमिनार, अकराच्या ठोक्याला हजेरी आणि हजेरी झाली की कडी. बाहेर राहिला तो गैरहजर. तीन गैरहजेऱ्या झाल्या की सुट्ट्या बंद, आणि फारच झाल्या तर टर्म भरली नाही म्हणून परीक्षेचा फॉर्म अडकणार. दारापाशी स्टुलावर एक स्टीलचा ट्रे असायचा. ऑपरेशनची हत्यारं ठेवायचा तो ट्रे, पण गुरुवारी त्यात आमचे मोबाइल बंद करून ओळीनं निजवलेले असत. "रेसिडेंट दोन गोष्टींनी बिघडतो," सर म्हणायचे, "उशिरानं आणि फोननं." सरांना शिस्तीचं वेड होतं आणि आम्हाला सरांची भीती होती, त्यामुळे विभागाचं बरं चाललं होतं.

मी पहिल्या वर्षाची रेसिडेंट. भंडाऱ्याहून येऊन चार महिने झाले होते. त्या दिवशी सेमिनार माझा होता. विषय होता पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीचा आलेख. कळा सुरू झालेल्या बाईच्या केस पेपरला एक छापील चौकटींचा कागद जोडलेला असतो. दर अर्ध्या तासानं बाळाचे ठोके मोजायचे, आईची नाडी बघायची, कळा किती आणि कशा ते पाहायचं आणि त्या त्या वेळेच्या चौकटीत ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की रेघ होते. रेघ वाकडी जायला लागली की समजायचं, आता थांबून चालणार नाही. 'हा कागद म्हणजे माता व बालकाचा पहारेकरी आहे,' असं माझ्या पहिल्याच स्लाइडवर लिहिलं होतं. वाक्य पुस्तकातून उतरवलेलं होतं, पण म्हणताना मला ते स्वतःचंच वाटलं.

त्या वेळी दोन मजले खाली लेबर रूममध्ये चौदा बायका होत्या. नियमाप्रमाणे एका डॉक्टरनं खाली थांबायला हवं होतं. पण सरांना हजेरी पुरी लागायची, आणि खाली कोण आहे असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं, "नन्नावरे सिस्टर आहेत ना."

त्या होत्याच. सव्वीस वर्षं त्या लेबर रूममध्ये होत्या. बुटक्या, सावळ्या, डोक्यावरची पांढरी टोपी नेहमी जराशी डावीकडे कललेली. माझ्यासारख्या कित्येक डॉक्टरांनी आयुष्यातली पहिली प्रसूती त्यांच्या हाताखाली केली होती, आणि नंतर मोठं झाल्यावर त्यांनाच हुकूम सोडले होते. त्या पोटावर तळवा ठेवून नुसत्या उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "हिले अजून तीन तास आहेत, जेवून या मॅडम." तीन तास म्हणजे तीन तासच.

त्या सकाळी साडेदहाला त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून स्लाइडचे कागद हातात घेऊन पुटपुटत होते.

"मॅडम, त्या पंचफुलाकडं एक डाव पाहून घ्या. पहिलं सीझर हाय तिचं. जुन्या टाक्यावर हात लावू देत नाही."

पंचफुला उईके, वय चोवीस, दुसरी खेप. सकाळी नऊला मीच तिला तपासलं होतं आणि तिच्या आलेखात पहिला ठिपका दिला होता. त्यानंतर तिथं कुणीच गेलं नव्हतं. मी म्हणाले, "सिस्टर, सेमिनार झाला की पहिलं तिलाच बघते." हे सांगताना मी कागदावरून नजरसुद्धा उचलली नाही.

तर वर सेमिनार रंगात आला होता. मी डायसवर, माझ्या हातात माइक, समोर तीस-पस्तीस माणसं आणि त्यांच्या पाठीमागे ते दार. अकरा चाळीसच्या सुमारास दारावर टकटक झाली.

"कोण उशिरा उगवलंय?" ठोसर सर मागे न बघताच म्हणाले. लोक हसले. "चालू ठेव, धांडे."

पुन्हा दोनदा टकटक झाली. मी पुढची स्लाइड लावली. मग आवाज थांबला.

बारा पस्तीसला सेमिनार संपला. सर म्हणाले, "चांगलं केलंस. असं वाचून येत जा." चार महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. मी ट्रेमधून मोबाइल उचलला आणि जवळजवळ नाचतच जिने उतरले. माझ्याबरोबर माझे सीनियर काळबांडे सर होते, तिसऱ्या वर्षाचे, महिन्यावर परीक्षा आलेली. ते म्हणाले, "आज चहा तुझ्याकडून." लेबर रूमच्या दारातच आम्हाला वॉर्डातली आया मावशी दिसली, रक्ताच्या पिशव्या छातीशी धरून पळत येत होती.

पुढचं सगळं घाईचं आहे. जुन्या टाक्यावर गर्भाशय फाटलं होतं. सिस्टरनी दोन्ही हातांना सलाईन लावून ठेवलं होतं, रक्त मागवलं होतं, संमतीपत्रावर नवऱ्याचा अंगठा घेऊन ठेवला होता. एकच्या सुमारास पोट उघडलं. बाळ गेलेलं होतं. मुलगा होता, तीन किलोचा. गर्भाशय शिवण्यासारखं उरलं नव्हतं, ते काढावं लागलं. पंचफुला जगली. तिला अडीच वर्षांची एक मुलगी होती, तेवढीच आता राहणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काळबांडे सरांनी मला ड्यूटी रूममध्ये बोलावलं. टेबलावर पंचफुलाचा केस पेपर होता.

"ही केस पुढच्या शनिवारच्या मीटिंगला येणार. प्रेझेंट तू करशील."

"मी?"

"फर्स्ट इयरच करतो. तुला माहीत नाही का?" त्यांनी आलेखाचा कागद माझ्यापुढे सरकवला. नऊच्या चौकटीत माझा एक ठिपका, बाकी सगळं कोरं. "हा असा रिकामा घेऊन एचओडी मॅडमपुढे उभी राहशील काय? पेपर पूर्ण कर."

'पेपर पूर्ण करणं' हा आमच्याकडचा रोजचा शब्द होता, आणि तो ऐकून मला काही धक्का वगैरे बसला नाही. वीस-वीस बायका आणि दोन रेसिडेंट. कोण दर अर्ध्या तासानं ठिपके देत बसणार? बाळ बाहेर आलं, रडलं, वजन झालं की आम्ही निवांत बसून आलेख मागून पुढे भरायचो. शेवट माहीत असला की रेघ कशी काढायची हे कळतंच. चार महिन्यांत मी असे दोनशे तरी भरले असतील, हसत, गप्पा मारत, समोशाचा हात पुसून. बाळ रडलेलं असलं की त्या कागदाकडे पुन्हा कुणी पाहत नाही. पण हे बाळ रडलं नव्हतं.

"सर, नऊनंतर मी तिला बघितलंच नव्हतं."

"मग मी बघितलं होतं का? का ठोसर सरांनी बघितलं?" त्यांनी आवाज चढवला नाही. उलट फार समजुतीनं बोलले. "हे बघ रेवती, अकरापर्यंत ती आपली जबाबदारी. अकराला आपण सगळे वर होतो, सरांनीच बोलावलं होतं, त्यात आपला काय दोष? अकरापर्यंत सगळं बरोबर होतं एवढंच दिसायला पाहिजे. लिही. साडेनऊ, नाडी ब्याऐंशी. ठोके एकशे चाळीस."

मी लिहिलं.

"दहा, नाडी चौऱ्याऐंशी. ठोके एकशे अडतीस टाक. सगळे सारखे नको दिसायला."

मी तेही लिहिलं. साडेदहाच्या चौकटीवर पेन आलं तेव्हा हात जरा अडला, कारण त्या वेळी काय झालं होतं ते मला पक्कं आठवत होतं. "ब्याऐंशी," काळबांडे सर म्हणाले. मी ब्याऐंशी लिहिलं. अकरापर्यंत रेघ इतकी सुरेख सरळ आली की तीच माझ्या सेमिनारच्या स्लाइडवर घालावी.

त्या रेघेचा अर्थ काय होतो हे मला मीटिंगपर्यंत कळलंच नाही. खरं सांगायचं तर कळून घ्यायचं नव्हतं.

शनिवारी दुपारी दोनला मीटिंग भरली, त्याच सेमिनार रूममध्ये, आणि मी पुन्हा त्याच डायसवर. महिन्याभरात दगावलेल्या आणि मरता मरता वाचलेल्या बायकांच्या केस तिथं सगळ्यांसमोर उलगडायच्या असत, म्हणजे पुढच्या वेळी शहाणपण यावं. निदान कागदावर हेतू असा होता. पहिल्या रांगेत आमच्या विभागप्रमुख, म्हणजे एचओडी, पुराणिक मॅडम, शेजारी आमच्या युनिटचे प्रमुख ठोसर सर आणि मेट्रन. भिंतीलगतच्या एका लाकडी खुर्चीवर नन्नावरे सिस्टर. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. मांडीवर त्यांचं रजिस्टर होतं आणि त्यावर दोन्ही हात.

मी केस वाचली. आलेख पडद्यावर आला. पुराणिक मॅडम चष्मा वर करून बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या.

"म्हणजे अकरापर्यंत काहीच त्रास नव्हता?"

"नाही, मॅडम."

"आणि बारा पस्तीसला तुम्ही खाली गेलात तेव्हा शॉकमध्ये."

"हो, मॅडम."

"म्हणजे जे झालं ते या दीड तासात झालं," ठोसर सर म्हणाले. ते कुणाला उद्देशून बोलले नाहीत, पण खोलीतली सगळी डोकी हळूहळू त्या लाकडी खुर्चीकडे वळली. तेव्हा मला ती सरळ रेघ कुठे नेऊन ठेवते ते दिसलं.

मेट्रननी विचारलं, "नन्नावरे, दीड तास तुम्ही डॉक्टरांना कळवलं का नाही?"

सिस्टर उभ्या राहिल्या. रजिस्टर उघडून त्यांनी वाचलं. अकरा पस्तीस, नाडी एकशे वीस, लघवीतून रक्त, ठोके नीट ऐकू येत नाहीत. अकरा चाळीस, डॉक्टरांना बोलवायला सेमिनार रूमला गेले. दार बंद होतं. वाजवलं. परत आले.

"ऑपरेशन थिएटरला फोन करायचा," ठोसर सर म्हणाले.

"केला सर. दुसऱ्या युनिटचं सीझर चालू होतं. सगळे हात धुतलेले. आन इथले फोन तर ट्रेमधी असतात."

"टकटक झाली असेल," सर म्हणाले. "उशिरा येणारे रोजच वाजवतात. पेशंट सीरियस आहे असं ओरडून सांगायला काय झालं होतं?"

"आत माइक चालू होता सर. म्हणून मी काचेतून हात केला."

दाराच्या वरच्या भागात वहीएवढी काच होती. सगळ्यांनी माना वळवून त्या काचेकडे पाहिलं, जणू ती आजच बसवली होती.

"कुणाला दिसल्या का सिस्टर?" पुराणिक मॅडमनी विचारलं.

दिसणार कशा? सेमिनारला बसलेल्या प्रत्येकाची पाठ दाराकडे होती. मॅडम तीस वर्षं त्या खोलीत बसत होत्या, त्यांना ते सांगायला नको होतं. त्या सावकाश माझ्याकडे वळल्या.

"धांडे, तू डायसवर होतीस. तुझं तोंड दाराकडे होतं. तुला दिसल्या?"

मघाशी ती टकटक सांगताना मी एक गोष्ट गाळली. त्या दिवशी मी दाराकडे बघितलं होतं. काचेत मला सिस्टरांची डावीकडे कललेली टोपी दिसली होती, वर केलेला हात दिसला होता, आणि तळहाताला लागलेलं रक्तही दिसलं होतं. लेबर रूममध्ये कुणाच्या हाताला रक्त नसतं? असं मी मनाशी म्हटलं होतं. मग सर म्हणाले चालू ठेव, आणि मी चालू ठेवलं.

आता मी काय सांगणार होते? दिसल्या म्हणाले की पुढचा प्रश्न येणार, मग थांबली का नाहीस? त्याच्या पुढचा, सकाळी काही सांगितलं होतं का? मग साडेदहाची चौकट. मग तो कागद, ते ब्याऐंशी, माझं अक्षर. एक खरं बोलायला गेले तर सगळंच बोलावं लागणार होतं. काळबांडे सर तिसऱ्या रांगेत बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. ठोसर सर माझ्याकडे बघत होते. आणि चाळीस माणसं वाट बघत होती. कडी त्या दिवशीही लावलेली होती.

"नाही, मॅडम," मी म्हणाले. "माझं लक्ष स्क्रीनकडे होतं."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. मी एखादं बोट कापून घेतल्यासारखं त्यांनी पाहिलं, काळजीनं. मग रजिस्टर मिटलं आणि त्या खाली बसल्या. मॅडमनी पुढची केस बोलावली.

रविवारी वॉर्डात पंचफुलाचं ड्रेसिंग माझ्याकडे होतं. टाके बघून झाल्यावर तिनं माझा हात धरला.

"मॅडम, पुढच्या खेपेले सीझरच करजा. कळा नोको आता."

तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, सासूला माहीत होतं, सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. मी पट्टी चिकटवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. माझ्या त्या आठवड्याची ही दुसरी चूक नव्हती, कितवी होती ते मी मोजायचं सोडलं होतं.

सोमवारी सकाळी कळलं की नन्नावरे सिस्टरांची बदली ठरली. पार राज्याच्या सीमेवरच्या ग्रामीण रुग्णालयात, बसनं आठ तास. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. वर चौकशी लागणार होती ती वेगळीच. आदेश अजून तोंडी होता. मीटिंगचं इतिवृत्त वर गेलं की लेखी निघणार होता.

राउंड संपल्यावर मी पुराणिक मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, मीटिंगमध्ये मी खोटं बोलले."

त्या काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुठलं? कागदातलं की दारातलं?"

मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

"बस," त्या म्हणाल्या. "तो आलेख एका बैठकीत, एका पेनानं भरलाय. नऊचा ठिपका निळा आणि पुढचे सगळे काळे. तीस वर्षं हे कागद बघतेय मी. माझ्या दिवसांत मीही भरलेत, आणि मला कुणी पकडलं नाही म्हणून मी आज इथं बसलेय."

"मग तुम्ही विचारलं का नाही, मॅडम?"

"विचारलं ना. चाळीस माणसांसमोर विचारलं. तू नाही म्हणालीस."

खिडकीबाहेर नातेवाइकांनी कुंपणावर लुगडी वाळत घातली होती. मी त्यांच्याकडे बघत बसले.

मॅडमनी खणातून एक फुलस्केप काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "लिहून दे. मी तुला अडवणार नाही, आणि वाचवणारही नाही, ते नीट समजून घे. दाराचं लिहिलंस की कागदाचं लिहावं लागेल. कागदाचं लिहिलंस की काळबांडेचं नाव येईल. ठोसर तुला या कॉलेजात परीक्षेला बसू देणार नाहीत, त्यांच्या हातात ते आहे. आणि हे सगळं होऊनही सिस्टरची बदली थांबेलच असं मी सांगत नाही. पण तिच्या नावावर जे लिहिलं जाणार आहे ते लिहिलं जाणार नाही. चारपर्यंत मी इथं आहे. चारला इतिवृत्तावर सही करणार."

"सिस्टर खरं बोलत होत्या, हे तुम्हाला माहीत आहे ना, मॅडम?"

"मला माहीत असून उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "मी डायसवर नव्हते."

फुलस्केप घडी करून मी ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि लेबर रूममध्ये गेले. वाटलं, आधी सिस्टरांना सांगावं, म्हणजे लिहायला बळ येईल. त्या हत्यारं मोजून नव्या सिस्टरच्या ताब्यात देत होत्या. चिमटे, कात्र्या, नाळेचे क्लिप. सव्वीस वर्षांचा संसार एका टेबलावर मांडला होता. मला बघून त्यांनी नव्या सिस्टरला पाणी आणायला पाठवलं.

"सिस्टर, मी..."

"बसा मॅडम. सकाळपासून काही खाल्लं का?"

"सिस्टर, मी तुम्हाला बघितलं होतं."

"ते मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. कात्री पुसून त्यांनी बाजूला ठेवली. "मले दुसरंच विचारायचं होतं. शनिवारपासून विचारीन म्हणतो. तुमी मान कशाले हलवली होती?"

"मान?"

"मी काचेतून हात केला. तुमी माझ्याकडं पाहिलं आन अशी मान हलवली." त्यांनी हलवून दाखवली, खाली आणि वर, एकदाच. "मले वाटलं, समजलं पोरीले, येऊन राहिली. म्हणून मी खाली पळाली. मंग बारा वाजता दुसऱ्या टेबलावर पायाळू बाळ आलं, मले ते सोडून हलताच येईना. दर मिनिटाले वाटे, आता येते, आता येते. नाही तं मॅडम, मी ते दार तोडलं असतं."

त्या हे बोलेपर्यंत मला ते आठवत नव्हतं. त्यांनी मान हलवून दाखवली आणि माझ्या मानेला आठवलं. टकटकीनं वाक्य तुटू नये म्हणून मी तशी मान हलवली होती. हो हो, कळलं, आता जा. दारात आलेल्या माणसाला घालवायला आपण हलवतो तशी. त्या एका होकारावर ती बाई बाहेरून परत गेली होती, आणि खाली पन्नास मिनिटं माझी वाट बघत होती.

"हे तुमच्या रजिस्टरमध्ये नाही," मी म्हणाले.

"नाही लिवलं."

"का?"

त्यांनी टोपी सरळ केली. ती लगेच पुन्हा डावीकडे कलली.

"मले वाटलं, ते तुमीच सांगान."

नवी सिस्टर पाण्याचा ग्लास घेऊन आली. मी पाणी प्यायले, ग्लास टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. जिन्यात उभं राहून फुलस्केप भिंतीला लावला आणि वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. 'माननीय विभागप्रमुख' लिहायला पेन टेकवलं. आता लिहायचं होतं ते सकाळपेक्षा कितीतरी जास्त होतं. सकाळी मी एक भित्री मुलगी होते, बघितलं आणि गप्प बसले, एवढंच. आता ती मान होती. ती लिहिल्यावर पंचफुला माझ्याच नावावर लागणार होती, आणि कुणाच्याही नाही.

चार वाजायला दहा मिनिटं असताना मी मॅडमच्या केबिनपाशी पोचले. दार सताड उघडं होतं. मॅडम टेबलाशी बसल्या होत्या, पुढे कागद, हातात पेन, आणि त्या लिहीत नव्हत्या. बहुधा त्यांनी मला पाहिलं असावं. मी उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिले. चारचे ठोके पडले, तरीही त्या तशाच बसल्या होत्या. सव्वाचारला मागून काळबांडे सरांची हाक आली, "धांडे, राउंडला चल." मी राउंडला गेले.

नन्नावरे सिस्टर तिकडूनच निवृत्त झाल्या. पुढे त्या कुठे गेल्या, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणी सांगितलंही असतं.

काळबांडे सर पास झाले. दोन वर्षांनी मीही पास झाले आणि मग वेगवेगळ्या कॉलेजांतून फिरत फिरत बावीस वर्षांनी त्याच विभागात एचओडी म्हणून आले. पहिल्या दिवशी सुताराला बोलावून सेमिनार रूमची कडी काढून घेतली. दार आता उघडंच असतं आणि जिन्यातला गोंगाट आत येतो. लोकांना वाटतं, मॅडमना उकडतं. तो फुलस्केप माझ्याकडे अजून आहे. त्यावर फक्त तारीख आहे.

परवा सेमिनार चालू असताना एक नवी रेसिडेंट दारात आली. मी बोलायचं थांबले.

"मॅडम, लेबर रूममधून बोलावलंय."

"येते," मी मोठ्यानं म्हणाले आणि माइक ठेवून निघाले. जिना उतरताना तिनं सहज विचारलं, "मॅडम, त्या दाराच्या चौकटीला भोकं आहेत. तिथं आधी कडी होती का?"

"होती," मी म्हणाले. कुणी काही विचारलं तर मी मान हलवत नाही, तोंडानं सांगते. सगळ्या विभागाला माझी ही खोड माहीत आहे, आणि माझ्या पाठीमागे ते तिची नक्कलही करतात.